पक्षी कुठाय?

कोपनहेगनहून चिन्ह आलं
तेव्हा सोबत चौसष्ट पानांचं नियमांचं पुस्तक होतं.
पान अकरा: हिरवा, डोंगराचा. पान बारा: लाल, पक्ष्याचा.
शाईचे आकडे, पडद्याचे आकडे, रंगाच्या डब्याचे आकडे.
चिन्हाभोवती एका अक्षराइतकी जागा मोकळी सोडावी,
तिथे कुणी पाऊल टाकू नये,
जशी नुकतीच पुसलेली फरशी.

मी, रान्वा, फॅरो बेटांवरच्या या फेरी कंपनीचा
एकखांबी ओळख-विभाग,
पुस्तक उशाशी घेऊन झोपले.
चार बोटी, एक तिकीटघर,
बावीस रेनकोट, कपांची सहा खोकी,
सगळ्यांवर एकच हिरवा, एकच लाल,
सूतभर फरक नको.
आधी काय गोंधळ होता!
'टेर्ना'च्या धुराड्यावर आमसुली, तिकिटांवर विटकरी,
आणि हिरवा तर ज्याला जो डबा सापडला तो.
मी डबे मोजून मागवले,
रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी राहिले.
तो म्हणाला, बाई, समुद्र वर्षभरात
तुझं पुस्तक वाचून संपवेल.

एप्रिलमध्ये पहिली बोट धक्क्याला लागली.
ऊन होतं.
आमच्याकडे ते उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखं येतं,
चहा न घेता जातं.
हानुस दोरी घेऊन उभा,
एकतीस वर्षं तो दोरीच धरतो.
कसं वाटतं, विचारलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"डोंगर छान आहे.
पण पक्षी कुठाय?"

मला वाटलं, थट्टा करतोय.
मी बोट दाखवलं, तो नुसता बोटीकडे बघत राहिला.

मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून सांगितलं:
सतराव्या वर्षी सुकाणूच्या परवान्यासाठी गेला होता.
डॉक्टरने ठिपक्यांची पानं उघडली.
ठिपक्यांत म्हणे आकडा होता.
"बाकीच्यांना दिसला."
डाव्या अंगाचा दिवा लाल, उजव्याचा हिरवा,
हे त्याला पाठ आहे,
दिसत मात्र नाही.
म्हणून दोरी.

त्या रात्री तिकीटघरातल्या जुन्या झेरॉक्सवर
मी चिन्ह पालथं ठेवलं.
त्या यंत्राला कुणाची भीडभाड नाही.
कागद बाहेर आला: एक करडा डोंगर.
पंख नाहीत, चोच नाही.
चौसष्ट पानं लिहिणाऱ्यांपैकी कुणी
हे करून पाहिलं नव्हतं.
मीही नव्हतं.
आकडा न आकडा जुळत होता,
फक्त दोन्ही रंगांचा उजेड सारखा होता,
एकमेकांत बुडून जाण्याइतका.
रंगाचा बेरंग करायला
चुकीचा रंग लागतोच असं नाही.

सभेत पेटुर म्हणाला,
अशी माणसं असून असून किती?
बारा पुरुषांत साधारण एक, मी म्हटलं.
टेबलाभोवती चौदा पुरुष होते.
कुणी बोललं नाही.
टोकाला बसलेल्या बोगीने
समोरचा नवा कप
हलकेच फिरवून
चिन्ह भिंतीकडे केलं.

निम्मं मंजूर झालं.
तीन बोटी रंगवून झाल्या होत्या,
त्या अजून रिकामा डोंगर घेऊन फिरतात.
चौथीसाठी मी हिरवा खाली खाली नेला,
जिथे शेवाळही काळं दिसतं तिथवर,
आणि लाल फिका करत आणला.
पक्ष्याभोवती पांढरी कड ओढली, नखाएवढी.
पान बारा मी स्वतः फाडलं.
पुस्तकाला त्याची खूण राहिली आहे, राहू दे.

ऑक्टोबरात ती बोट धुक्यातून आली.
हानुसने दोरी पकडली, खुंटीला दोन वेढे घातले,
मग मान वर केली.
"दिसला," म्हणाला.
थोड्या वेळाने: "कोणता रंग आहे त्याचा?"
लाल.
"असेल," हानुस म्हणाला.
"मला तो नुसता पुढे आलेला दिसतो."